वाऱ्याखालची भट्टी

नांदखेडी वसवणाऱ्या पूर्वजांनी वाऱ्याचा नीट विचार केला होता. मोटरीचा करायचा राहून गेला.

वर्षातले आठ महिने वारा पश्चिमेचा. म्हणून ज्यांच्यावरून आलेला वारा आपल्याला लागू नये असं गावाला वाटे, त्यांना पूर्वेला बसवायची आमच्या भागात रीत. नांदखेडीतही तेच. गावाच्या पूर्वेच्या टोकाला खुशालराव पाटलांचा बैलांचा कोठा, कोठ्यापलीकडे थोडं मोकळं रान, आणि मग ती वस्ती. छप्पन साली नागपूरला जाऊन आल्यापासून वस्तीतली माणसं बौद्ध झाली होती. घरातले देव नाल्यात गेले, मेलेली ढोरं ओढणं बंद झालं, एकमेकांना जय भीम सुरू झाला. वारा मात्र होता तिकडूनच येत राहिला.

हिवाळ्यात तो उलटतो. पूर्वेकडून येतो, कोरडा आणि बोचरा. पूर्वजांचं त्यानंही काही अडलं नव्हतं, कारण पूर्वेला चुलीच्या धुराखेरीज काही नव्हतं. एकसष्ट सालच्या हिवाळ्यात तिथं शेषरावची भट्टी होती.

शेषराव आधी दर्यापुरातल्या कापसाच्या एका जिनात बॉयलरवर आगवाला होता. जिनात वीज आली, बॉयलर गेला, त्याच्याबरोबर शेषरावही गेला. बॉयलरच्या जागी मोटरी आल्या आणि त्या हंगामात धडाधड जळू लागल्या. जळालेल्या मोटरीच्या पोटातली तांब्याची तार कोणाच्या कामाची नव्हती. शेषरावला आगीचं काम येत होतं. त्यानं ती तार घरी आणली.

दुसरं काम नव्हतंच. ढोर ओढत नाही तर शेत निंदायलाही येऊ नका, असा गावानं छप्पननंतर साधा न्याय लावला होता. तेव्हा घर जे काही चाललं होतं ते भट्टीवर.

त्या सकाळी शेषरावची बायको पंचफुला वायरलेसचे डबे फोडत बसली होती. दुसरी मोठी लढाई संपून इतकी वर्षं झाली तरी तिचे डबे अकोल्याच्या भंगारात अजून येत होते. हिरवे, लोखंडी, वर इंग्रजी आकडे. कोणत्या रणावर कोण त्यात तोंड घालून काय ओरडलं असेल ते असो. आता त्यावर पंचफुलाची हातोडी पडत होती. आतून पत्रा निघे, चिनीमातीचे मणी निघत, काचेचे दिवे निघत, आणि सगळ्यांत शेवटी केसासारख्या तारेची गुंडी. काचेचा एक दिवा तिनं कोनाड्यात बाबासाहेबांच्या फोटोजवळ ठेवला होता. तो कधी लागत नसे, पण दिसायला चांगला होता.

शेषराव खड्ड्यात मोटरीची वेटोळी जाळत होता. तारेवर सूत गुंडाळलेलं, सुतावर वार्निस. त्याचा धूर घशात गेला की दिवसभर तोंडाला तुरट-गोड चव राही आणि भाकरीला भाकरीची चव लागत नसे. जळालेली तार दांडक्यानं झोडपायची, राख नाल्यात धुऊन काढायची, मग मुशीत, म्हणजे वितळवायच्या भांड्यात, भरून कोळशावर चढवायची आणि भाता मारायचा. भाता शेषरावचा बाप मारी, म्हातारा श्रावण. भात्याचं कातडं अकोल्याहून विकत आणलेलं होतं. पूर्वी या घरात कातडं फुकट येई. आता ते विकत घेण्याइतकी प्रगती झाली होती.

ज्वाळेला हिरवी कड आली की तांबं उतरलं. त्याची लगड ओतायची, पाण्यात विझवायची. लगडी बाळापूरला गोवर्धन तांबटाकडे जात. तिथं त्यांची घागर होई, गुंड होई, देवाचं ताम्हन होई, आणि त्यातलं काही फिरून नांदखेडीत येई. खुशालरावांच्या देवघरातलं नवं ताम्हन जिनाच्या जळक्या मोटरीचं होतं. ही गोष्ट एकट्या गोवर्धनला ठाऊक होती, आणि तो धंद्यातला माणूस होता.

“शेष्या, काय जाळून राहिला बे?”

कोठ्याच्या कोपऱ्यावर चंद्रभान उभा होता. खुशालरावांचा चुलतभाऊ, पंचायतीतला मेंबर. धोतराचा सोगा नाकाला.

“मोटर,” शेषराव म्हणाला.

“मोटर जाळतं का मढं? घरात जेवन जात नाई. पोरायचे डोये लाल झाले. म्हशीनं दूध कमी केलं.”

“म्हैस त गाभन हाय तुमची,” श्रावण भाता न थांबवता म्हणाला.

“तुले कोनं इचारलं रे बुढ्या?”

“कोनंच नाई. म्हून त सांगतलं.”

चंद्रभाननं म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्याशी बोलणं आपल्या इतमामाला शोभत नाही हे आठवून शेषरावकडे वळला. “दुपारच्याले चावडीवर ये. सरपंचानं बलावलं.”

तो गेल्यावर पंचफुला खोकली. खोकून झाल्यावर म्हणाली, “डोये लाल झाले म्हने पोरायचे.”

“झाले असतीन.”

“माहे पाहा कसे हायेत.”

शेषरावनं पाहिलं. नेहमीसारखेच होते, म्हणजे लालच.

*

अस्पृश्यतेच्या विरुद्ध सरकारनं कायदा केला होता आणि सरपंच खुशालराव कायद्याला मानणारे होते. त्यामुळे सभेत कोणी जातीचं नाव काढलं नाही. सगळे धुराबद्दल बोलले. चावडीत सतरंजी टाकलेली होती. शेषराव पायरीवर बसला. त्याला कोणी तिथं बस म्हटलं नव्हतं; सतरंजी त्याच्यापर्यंत पोचत नव्हती, एवढंच.

“धंद्याले आमची ना नाई,” खुशालराव म्हणाले. “मानसानं धंदा कराव. पन धूर लय होते.”

“पाटील, आठ महिने हा धूर आमच्याच घरात जाते,” शेषराव म्हणाला. “तवा कोनं चावडी भरवली?”

“तो तुमचा घरचा प्रश्न झाला.”

“मंग हाही चार महिन्यायचाच हाय.”

“अरे, पन गावाचा हाय ना!” चंद्रभान म्हणाला. त्याला इतकी साधी गोष्ट समजावून सांगावी लागते याचं दुःख झालेलं दिसलं. मग त्यानंच तोड काढली. वारा पूर्वेचा असेल तोवर भट्टी गावाच्या पश्चिमेला ठेवावी. वारा फिरला की पुन्हा पूर्वेला न्यावी. म्हणजे वारा कुठूनही आला तरी धूर गावात येणार नाही.

सभेला ही तोड एकदम पटली.

“म्हंजे भट्टी वर्साले दोनदा उचलाव?” शेषरावनं विचारलं.

“धनगर नाई काय मेंढरं घेऊन फिरत?”

“मेंढराले पाय असतेत, भाऊ.”

“जिनाचा हंगाम भरात हाय,” खुशालराव शांतपणे म्हणाले. “आन् भट्टीची जागा गावठानाची हाय. पाह्य बावा. आमी काई जबरदस्ती करून नाई राहिलो.”

शेषराव पाहायचं ते पाहून उठला.

*

भट्टी म्हणजे काय, तर दगडांचं कोंडाळं, मातीचा लिंपा, खाली खड्डा, आणि वाऱ्याची नळी. खड्डा सोडला तर सगळं उचलता येतं. गावातून सरळ गेलं तर पश्चिमेचा नाला जवळ आहे. पण जळके दगड घेऊन भर गावातून जाऊ नये असं चंद्रभाननं सुचवलं, राख सांडते. म्हणून शिवेशिवेनं, काट्याकुट्यातून, वळसा घालून जायचं.

शेषराव मोठे दगड डोक्यावर घेई. चुंबळ होती, पण दगडाला धार होती. पंचफुला कोळशाचं पोतं आणि डबे नेई. श्रावण भाता छातीशी धरून चाले, लेकराला नेतात तसा, आणि दर बांधावर बसे. पऱ्हाटीवरच्या कापसाचा वेच संपत आलेला होता. वावरातल्या बाया कमरेवर हात ठेवून बघत. एकीनं विचारलं, “कुठी चाललं वो बिऱ्हाड?”

“हवापालट कराले,” पंचफुला म्हणाली.

शेवटच्या खेपेला मूस तिच्या पाटीत होती. नाल्याच्या उताराला तिला खोकल्याची उबळ आली. पाय घसरला. पाटी खाली टेकवेपर्यंत तिनं सांभाळली, पण टेकवताना खट्ट आवाज झाला. अकोल्याहून आणलेली काळी मूस. तळापासून काठापर्यंत भेग.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. शेषरावनं मूस उचलली, बोटानं वाजवली. फुटकं भांडं वाजतं तशी वाजली. त्यानं ती बाभळीखाली नीट उपडी ठेवली, जणू उद्या लागणार होती.

“जुनी लहानी हाय ना,” तो म्हणाला.

“तिच्यात कितीक मावते?”

“जितकं मावते तितकं.”

लहान मुशीत निम्मंच काम होई. म्हणजे तेवढ्याच तांब्यासाठी दुप्पट कोळसा, दुप्पट भाता. श्रावणच्या बगलेत गाठी आल्या. हात वर करून टोपी घालता येईना, म्हणून तो टोपी न घालताच बसू लागला. पण भट्टी पेटली. धूर पश्चिमेकडच्या वावरांवरून निघून गेला आणि गाव निश्चिंत झालं.

ते किती दिवस टिकलं म्हणाल, तर झिऱ्यावर पाणी भरायला लागेपर्यंत.

आता नांदखेडीचा नाला पश्चिमेकडून येतो, गावाला लागून जातो आणि वस्तीवरून पूर्वेला निघतो. पाण्याच्या बाबतीतही पूर्वजांनी विचार केलेलाच होता. गावाचं पाणी वरच्या अंगाला, वस्तीचं खालच्या अंगाला. नाल्याची धार बारीक झाली की वाळूत झिरे करून गाव पाणी भरतं. आणि आता त्या झिऱ्यांच्याही वर, नाल्यात पाय सोडून, पंचफुला जळक्या तारेची राख धूत होती.

चंद्रभानच्या बायकोनं, मैनाबाईनं, घागर उचलली तर पाण्यावर काळी साय. तिनं बोट बुडवून बघितलं. मग नाल्यानं वर चालत गेली. वळणावर तिला पंचफुला दिसली.

“तू इथं काय करून राहिली वो?”

“तुमच्या मालकानंच पाठोलं, बाई.”

मैनाबाईनं घागर तिथंच उपडी केली आणि घरी गेली. त्या घरात दुपारी जे बोलणं झालं ते शेजाऱ्यांनी ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत चंद्रभानला रस्त्यात कोणी ना कोणी विचारीत होतं, “काय मेंबर, वारा कसा काय?”

सभा पुन्हा भरली. पुन्हा सतरंजी आखूड पडली. आता पंचाईत अशी की पूर्वेला भट्टी ठेवली तर धूर गावात, पश्चिमेला ठेवली तर राख गावच्या पाण्यात. उत्तरेला मारुतीचं देऊळ. दक्षिणेला खुशालरावांची संत्र्याची बाग. पूर्वजांनी चारी दिशांचा इतका पक्का बंदोबस्त करून ठेवलेला की भट्टीला जागाच नव्हती.

“राख धुवूच नोको म्हना,” एक जण म्हणाला.

“न धुता तांबं उतरत नाई,” शेषराव म्हणाला.

“मंग कसं कराव?”

“पयले होती तिथं राहू द्याव.”

“आन् धूर?”

सगळे पुन्हा धुराकडे आले. तोवर दिवेलागण झाली, खुशालरावांच्या घरून निरोप आला की तांबड्या बैलानं हरभऱ्यात तोंड घातलं अन् तो फुगला आहे. सभा काही न ठरवताच उठली.

*

बैल पहाटे मेला.

खुशालरावांनी सकाळी शेषरावला बोलावणं पाठवलं. ते कोठ्याच्या दारात उभे होते. आत बैल आडवा पडलेला, पोट ढोलासारखं, चारी पाय ताठ. बाकीची ढोरं सोडून दुसरीकडे बांधली होती.

“ये शेषराव,” ते म्हणाले.

आजवर शेष्या होता. ‘राव’ ऐकून शेषरावला धास्ती वाटली.

“बैल गेला.”

“वाईट झालं. चांगला बैल होता.”

“तुह्या बापानं माह्या बापाच्या वक्तापासून या कोठ्यातली ढोरं नेली.”

“नेली. आता नेत नाई. तुमाले मालूम हाय, पाटील.”

“ऐकून त घे.” खुशालराव जवळ आले. फार जवळ नाही. “भट्टीचं माह्या हातात हाय. पूर्वेले ठेव, पश्चिमेले ठेव, तुह्या मनानं ठेव. चंद्रभानले मी पाह्यतो. पुन्हा कोनी वाऱ्याचं नाव काढनार नाई. हा एवढा एक बैल ने. बोभाटा नोको. कोनाले दिसनार नाई.”

“एकच?”

“एकच.”

शेषराव बैलाकडे बघत होता. बैलाच्या डोळ्यावर माशी बसली, उठली, पुन्हा बसली.

“मेलेला बैल एका वक्ती एकच असते, पाटील,” तो म्हणाला. “पन बैल मरनं काई थांबत नाई.”

खुशालरावांचा चेहरा बदलला नाही. ते फक्त मागं सरले. “त भट्टी थंड ठेवजो. पंचायतीचा हुकूम समज. शेष्या.”

घरी आल्यावर शेषरावनं घडलेलं सांगितलं, पाणी प्यायला आणि भिंतीला टेकून बसला. भट्टी थंड म्हणजे हात मोकळे. मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. थोड्या वेळानं तो दर्यापूरला निघून गेला. जिनात हमालीचं काही मिळतं का बघतो म्हणाला. जिनातले हमाल आधीच जास्त होते, हे त्याला इथं बसूनही माहीत होतं.

पंचफुला दुपारी काटक्या घेऊन परतली तर श्रावण आढ्यावरून दोर काढत होता. अंबाडीचा, मनगटाएवढा, तेल पिऊन काळा झालेला. याच दोरानं त्यानं उभ्या जन्मात गावची ढोरं ओढली होती. देव नाल्यात टाकले तेव्हा दोरही टाका असं पोरं म्हणाली होती. पण अंबाडी चांगली होती, म्हणून राहिला. हात वर जात नव्हता. म्हातारा काठीनं दोर खाली पाडत होता.

“मामाजी, काय करता?”

“काई नाई.”

“दोर काहून काढला?”

श्रावण खाली बसला. दोर मांडीवर. “शेषरावले नोको सांगू. मी एकलाच जातो. मांगच्या वाटेनं. लोकायनं पाह्यलं त म्हनजा, म्हातारा चळला. माह्यं काय राह्यलं आता? भट्टी गेली त तुमी खासान काय?”

“तुमच्यानं टोपी घालवत नाई अन् बैल ओढता?”

“ओढायची एक तऱ्हा असते. बळ लागत नाई.”

पंचफुलानं काटक्या ठेवल्या. हात झटकले. आत जाऊन तिनं मोडकी बाज बाहेर आणली. तिची दोरीची दावण केव्हाचीच तुटलेली, नुसता सांगाडा उरला होता. म्हातारा वर्षभर जमिनीवर निजत होता. तिनं बाज त्याच्यासमोर आडवी केली आणि दोराचं एक टोक हातात घेतलं.

“तिकडून धरा.”

“काहून?”

“धरा त.”

श्रावणनं धरलं. सुनेनं सांगितलं की धरायचं, अशी त्याला सवय झाली होती. पंचफुलानं दोराचा पीळ उलटा फिरवायला सुरुवात केली. जुना पीळ, सुटेना. तिची बोटं तारेनं कातरलेली, नखं काळी. ती दातानं सोडवू लागली. दोराचा वास तिच्या तोंडात गेला तेव्हा ती थांबली, बाजूला थुंकली, पुन्हा सुरू झाली. हळूहळू एकाचे तीन पदर झाले. पदराच्या दोऱ्या झाल्या. ती बाजेच्या लाकडी गात्याला वेढे देऊ लागली, आडवे, तिरपे, आणि म्हातारा दुसऱ्या बाजूनं ताणून देत राहिला. मध्ये एकदा तो म्हणाला, “मजबूत होता.” तिनं पुढचा वेढा आवळला.

ऊन उतरलं तेव्हा दोर संपला होता आणि बाज झाली होती.

“आता निजा त्याच्यावर,” ती म्हणाली.

श्रावण भीत भीत बसला. मग आडवा झाला. बाज करकरली, पण धरली. तो आढ्याकडे, दोर असायचा त्या जागेकडे बघत पडून राहिला.

*

बैल दुसऱ्या दिवशीही कोठ्यातच होता.

खुशालरावांनी आसपासच्या गावांत माणसं पाठवली. तिथल्या वस्त्यांनीही ढोरं न ओढण्याचा तोच निश्चय केलेला होता. उलट खुशालरावांच्या माणसाला एका ठिकाणी चहा देऊन जय भीम म्हणून परत पाठवलं. त्यांचे दोन्ही सालदार, वर्षाच्या बोलीवरचे गडी, म्हणाले, सालात हे काम ठरलं नव्हतं. पूर्वेचा वारा चालूच होता. तो वस्तीवरून स्वच्छ येई, कोठ्यात शिरे, आणि तिथून पुढं गावात जाताना बैलाला घेऊन जाई.

आधी कोठ्याजवळच्या घरांनी दारं लावली. मग गल्लीनं. मग मारुतीच्या देवळातले लोक उठून घरी गेले. चंद्रभानच्या घरात आता खरंच जेवण जाईना. वस्तीत मात्र काही नव्हतं. थंड भट्टीची स्वच्छ हवा होती.

शेवटी चंद्रभाननं हिंमत केली. आपली बैलजोडी आणली, साखळी आणली, एका सालदाराला आणखी काही कबूल करून लांब आकड्यानं साखळी मेल्या बैलाच्या पायाला अडकवली. जोडी मागं सरकवत कोठ्याच्या दाराशी आणली. जित्या बैलांना मेल्याचा वास आला. त्यांनी कान टवकारले, फुसफुसले, आणि उधळले. जू मोडलं. चंद्रभान शेणात पडला. जोडी हरभरा तुडवत नाल्यापर्यंत गेली. दुसरं जू घालून पुन्हा आणली, पुन्हा तेच.

श्रावण बाजेवर बसून हे बघत होता. त्याचे ओठ हलत होते. साखळी चुकीच्या पायाला होती. तो उठू लागला.

“मामाजी,” पंचफुला म्हणाली, “बसा.”

तो बसला. पण त्याला फार जड गेलं.

चंद्रभान अंग पुसत उभा होता, नाक दाबून विचार करत. नाक दाबल्यानंच त्याला ते सुचलं असावं. तो खुशालरावांकडे गेला आणि काही बोलला. खुशालरावांनी नको म्हणून मान हलवली. मग वाऱ्याची एक झुळूक आली, आणि त्यांनी होय म्हणून हलवली.

ते स्वतः वस्तीवर आले. शेषराव दर्यापूरहून नुकताच आला होता, रिकाम्या हातानं.

“शेषराव, भट्टी पेटव.”

“थंड ठेवायचा हुकूम हाय ना.”

“मी सांगून राहिलो ना पेटव म्हून. जोडीले वास येते. तुह्या धुरापुढं कोनताच वास टिकत नाई. तेवढ्यात ओढून घेतो.”

शेषरावनं पंचफुलाकडे पाहिलं. ती भांडी घासत होती, घासतच राहिली. “भट्टी पश्चिमेले हाय, पाटील,” तो म्हणाला. “वारा पूर्वेचा. तिथं पेटवली त धूर वावरात जाईन. कोठ्यात कसा येईन?”

“मंग इकडं आन.”

“कोन आनन? माह्ये पाय दर्यापूर चालून आले. बाईले खोकला. बाप बुढा.”

खुशालरावांनी वळून कोठ्याकडे पाहिलं. वारा अजून गावाकडेच चालला होता.

“चंद्रभान,” त्यांनी हाक मारली.

दगड गावातून आले. शिवेनं वळसा घालायला वेळ नव्हता. भर रस्त्यानं, चावडीसमोरून, दोन सालदार, चंद्रभान आणि त्याचा मेहुणा डोक्यावर जळके दगड घेऊन चालले होते. राख सांडत होती. मैनाबाई दारात पदर नाकाला लावून उभी होती. नवऱ्याच्या डोक्यावरचा दगड बघून तिनं पदर तोंडावरही घेतला. हसत होती की काय ते कळलं नाही.

“इथं ठेवा,” पंचफुला सांगत होती. “नाई, तो त्याच्यावर. तोंड इकडं.”

शेषरावनं जिनाची वेटोळी खड्ड्यात घातली, सुतासकट, वार्निसासकट. वर वायरलेसच्या गुंड्या टाकल्या. विस्तव घातला. धूर उठला, जमिनीला धरून सरकला, मोकळ्या रानावरून गेला आणि कोठ्याला गिळून गावात शिरला. दारं उघडली. लोक ओट्यावर येऊन बसले आणि खोकू लागले. कोणी म्हणालं, “आता कसं बरं वाटते.”

धुरात जोडी दिसत नव्हती, चंद्रभानच्या शिव्या फक्त ऐकू येत होत्या. मग साखळीचा आवाज झाला, काही फरपटलं, आणि फरपटण्याचा आवाज नाल्याकडे लांब गेला.

खुशालरावांनी त्या दिवशी दोनदा आंघोळ केली. एक बैलासाठी आणि एक, म्हणजे, वस्तीवर गेले होते म्हणून. पंचायतीत भट्टीचा विषय पुन्हा निघाला नाही. हुकूम कोणी मागं घेतला नाही, आणि कोणी बजावलाही नाही. भट्टी होती तिथं राहिली. शेषरावनं लहान मुशीत जेवढं मावलं तेवढं उतरवलं. नवी मूस त्या हंगामात आली नाही.

फाल्गुन लागला तसा वारा फिरला. पश्चिमेचा झाला, ऊन ऊन. धूर आता गावाकडे पाठ करून शेषरावच्या दारातून आत शिरू लागला. कोनाड्यातला काचेचा दिवा पुन्हा काळा पडला. पंचफुलानं पदरानं पुसला, तर पदर काळा झाला.

श्रावण बाजेवर बसून खोकत होता. भात्यावर शेषराव होता. म्हाताऱ्याचे हात अजून वर जात नव्हते.

“माय, धूर इकडं येऊन राहिला,” श्रावण म्हणाला.

पंचफुलानं सांडस ठेवली. बाज म्हाताऱ्यासकट ओढत घराच्या दुसऱ्या अंगाला नेली. दावण करकरली. ती परत येऊन भट्टीशी बसते तोवर धूर घराला वळसा घालून तिकडं पोचला.

“तिकडंही आला,” श्रावणचा आवाज आला. “चावडी भरवा म्हना!”

“भरवते,” ती म्हणाली. “पयले ही मूस उतरू द्या.”

म्हाताऱ्यानं थोडी वाट पाहिली. मग बाजेवरून उठला, भट्टीशी आला आणि शेषरावला कोपरानं सरकवून भात्याला बसला.